टिन.टिन शोधक
टिन.टिन हा कथिलाच्या अणुकेंद्रातील न्यूट्रिनोविरहित द्वि-बीटा ऱ्हासाच्या शोधासाठी भारतात विकसित केला जात असलेला अतिशीत शोधक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वंदना नानल यांच्या नेतृत्वाखाली त्याचे काम चालते.

नेहमीच्या द्वि-बीटा ऱ्हासात दोन न्यूट्रॉनांचे प्रोटॉन होतात आणि दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर क्वचित केवळ इलेक्ट्रॉनच बाहेर पडतील. या शक्यतेचे मूळ एत्तोरे मायोराना यांच्या १९३७ मधील सिद्धांतात आहे. असा ऱ्हास अद्याप निर्विवादपणे आढळलेला नाही. तो घडल्यास कथिल-१२४ या समस्थानिकातून मुक्त होणारी सुमारे २.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पूर्णपणे इलेक्ट्रॉनांना मिळेल आणि वर्णपटात नेमके तेथेच अरुंद शिखर दिसेल. नैसर्गिक कथिलात या समस्थानिकाचे प्रमाण ५.८ टक्के असते.

येथे कथिल हेच ऱ्हासाचे उगमस्थान आणि तेच शोधक. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेने धातूचा तुकडा किंचित तापतो आणि ती वाढ मोजली जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कल्हईमुळे आपल्याला परिचित असलेला हा धातू ३.७ केल्विनखाली अतिसंवाहक होतो. त्याहून बरेच खाली गेल्यावर त्यातील इलेक्ट्रॉनांची उष्णताधारकता जवळजवळ नाहीशी होते. स्फटिकजालकाची तेवढी उरते आणि तीही तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. तापमान निम्मे केले की ती एक-अष्टमांश होते. म्हणूनच शोधक निरपेक्ष शून्याच्या वर केवळ काही सहस्रांश अंशांवर ठेवायचा असतो.

थंडीचा एक तोटाही आहे. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली शुद्ध पांढऱ्या कथिलाचे हळूहळू करड्या, ठिसूळ रूपात परिवर्तन होऊन त्याची भुकटी होऊ शकते. यावर उपाय म्हणून अल्प प्रमाणात बिस्मथ मिसळलेल्या मिश्रधातूंचा अभ्यास झाला आहे. गंमत अशी, की बिस्मथही अत्यंत मंदपणे क्षय पावतो आणि ते २००३ मध्ये फ्रान्समधील अशाच अतिशीत शोधकाने उघड केले.

तापमान मोजण्यासाठी जर्मेनियमच्या चकत्या वापरतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत त्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर काही अणूंचे गॅलियम व आर्सेनिक बनते आणि चकतीचा विद्युतरोध तापमानानुसार तीव्रतेने बदलू लागतो. मात्र त्याच माऱ्याने चकतीतील अशुद्धीही किरणोत्सर्गी होतात. त्यांची क्रिया ओसरेपर्यंत चकत्या दीर्घकाळ ठेवून द्याव्या लागतात, अन्यथा संवेदकच खोट्या नोंदींचा उगम ठरतो.

बाहेरील किरणोत्सर्ग अडवण्यासाठी शिसे व तांब्याचे कवच असते, पण विश्वकिरण त्याने थांबत नाहीत. त्यासाठी डोंगराखालची जागा लागते. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातील नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेत हा प्रयोग करण्याचा विचार होता. ती वेधशाळा उभी राहिलेली नाही.