जागलीचं पाल आणि आतली शेगडी

चण्याला घाटे धरले की रानडुक्कर आणि रोही शेतात उतरतात. बोरच्या जंगलालगतच्या सेलू तालुक्यातल्या गावांना हे सांगायला नको. मग रात्रभर जागल. घरचा माणूस जातो, कधी आपणही जातो. म्हणून आज उचलून नेता येईल अशा पालाबद्दल बोलू.

सहा फुटांचे दोन बांबू, दहा फुटांची एक आडवी बल्ली आणि बारा बाय दहाची ताडपत्री एवढं पुरे. जागा उंचवट्याची घ्या. नुकतं ओलित केलेल्या मातीत खुंटी धरत नाही. जनावरांची वाट आणि विजेच्या तारा टाळा.

बांबू फूटभर गाडा, वर बल्ली बांधा आणि ताडपत्रीची बारा फुटांची बाजू दोन्हीकडे सारखी सोडा. मूठभर कोरडी माती हातातून सोडली की वारा कुठून येतो ते कळतं. ताडपत्रीची उतरती बाजू वाऱ्याकडे करा. तिची कड जमिनीला टेकवून वर माती दाबा. दुसऱ्या बाजूची कड वीतभर उचललेली ठेवा. खुंट्या पालापासून बाहेर कललेल्या ठोका. दोन्ही बांबूंना बाहेरून एकेक ताणदोरी द्या. अंबाडीची दोरी दवाने आखडते, उन्हात सैल पडते. म्हणून रोज सायंकाळी ताण पाहा.

आता खरी गोष्ट. थंडी वाजते म्हणून आपण पाल चारही बाजूंनी बंद करतो आणि आत शेगडी ठेवतो. तिथेच जीव जातो. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरला की शरीराला प्राणवायू मिळत नाही. धूर थांबला, निखाऱ्यावर राख चढली, तरी वायू निघतच राहतो. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही.

म्हणून शेकोटी बाहेरच, पालापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. झोपण्याआधी पाणी ओतून विझवा. पालाचं एक तोंड पूर्ण उघडं ठेवा. दुसऱ्याला पोत्यांचा पडदा लावला तरी वर हातभर फट सोडा.

मग ऊब कशी मिळायची? थंडी खालूनही लागते. बाजेवर आधी गोणपाट, मग गोधडी घाला. डोक्याला मफलर बांधा. ताडपत्रीच्या आतून दव गळतं, म्हणून पांघरूण तिला लागू देऊ नका.

शेगडीजवळ बसलेल्याचं डोकं दुखलं, चक्कर आली, मळमळ झाली, तर ‘झोप येते’ म्हणून सोडू नका. आधी मोकळ्या हवेत आणा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आज सायंकाळी घरचा माणूस जागलीला निघाला, की डब्यासोबत एवढं सांगा: शेगडी पालाबाहेर. चणा पुन्हा पेरता येतो, बायांनो. माणूस नाही.