बिनतारी नावेची कळ

आमचा परंडा तालुका पाण्याच्या समृद्धीसाठीं प्रसिद्ध नाहीं. भुईकोट किल्ल्याभोंवतीं खंदक आहे व सीना नदीवर सीना-कोळेगांवचें धरण आहे. एरवीं आम्हांस घरच्या हौदावरच भागवावें लागतें. तथापि लहानशी बिनतारी नाव चालवून पाहण्यास हौदही पुरतो. त्या नावेंतील विजेची कळ केव्हां लावावी व केव्हां बंद करावी, एवढें एकच नीट समजून घेतलें तरी पुष्कळ शास्त्र हातीं येतें. म्हणून तो विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

तारेवांचून दूरच्या वस्तूस आज्ञा देण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढें १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या टांकींत एक लहान नाव दुरून चालवून दाखविली. तिच्या पोटांत धातूच्या कणांची एक नळी होती. लहर येऊन पोंचली कीं त्या कणांतून वीज वाहूं लागे व नावेंतील यंत्र हाले. परंतु नळी उलटी फिरून कण पुन्हां सुटे झाल्यावांचून पुढची आज्ञा नावेस कळत नसे. प्रवाह सुरू करणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो तोडणेंही महत्त्वाचें, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आजच्या नावेंत मुख्य भाग चार: बॅटरी, मोटर, लहरी ग्रहण करणारा रिसीव्हर, आणि मोटरीस किती वीज द्यावी हें ठरविणारा वेगनियंत्रक. आज्ञा देणारा पांचवा भाग, म्हणजे ट्रान्समीटर, चालविणाराच्या हातांत असतो. आतां नियम पाहा. सुरू करतांना प्रथम हातांतील ट्रान्समीटर लावावा, वेगाची दांडी शून्यावर आहे हें पाहावें, आणि मगच नावेंतील कळ लावावी. बंद करतांना क्रम उलटा: प्रथम नाव, मागाहून ट्रान्समीटर.

असें कां? मालक मुका असतां नोकर जागा राहिला, तर तो भलत्याच आवाजास हुकूम समजतो. जुन्या पद्धतीच्या रिसीव्हरचें तसेंच होई. ट्रान्समीटर बंद असला कीं आसपासच्या विद्युत्-गोंधळानें सुकाणूं थरथरे आणि मोटर एकाएकीं फिरूं लागे. त्या वेळीं नाव मांडीवर असली तर पंख्याचीं पातीं बोटें कापावयास चुकत नाहींत. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बहुतेक संचांत आज्ञा तुटतांच मोटर थांबविण्याची सोय असते. परंतु ती ठरवून द्यावी लागते, व तपासावीही लागते. नाव घोडीवर घट्ट ठेवावी, पंखा मोकळा ठेवावा, हात दूर धरावे, आणि मोटर हळू चालत असतां ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटर थांबली नाहीं, तर ती नाव पाण्यांत सोडूं नये.

कळ कोठें बसवावी हाही प्रश्न आहे. तळाशीं बसविल्यास आंत झिरपलेलें पाणी तिला गांठतें. म्हणून ती उंच व कोरड्या जागीं असावी, आणि तिच्यावर रबरी टोपी असावी. रिसीव्हरची तारही पाण्याच्या पातळीच्या वर असावी, कारण या लहरी पाण्यांतून फारशा जात नाहींत. कांहीं कारागीर नावेस छिद्रच पाडीत नाहींत. कांचेच्या नळींत बंद केलेल्या दोन बारीक पात्या ते आंत बसवितात. बाहेरून लोहचुंबक जवळ आणला कीं पात्या एकमेकींस चिकटतात. या पात्यांस मोटरीचा जड प्रवाह सोसत नाहीं, म्हणून त्यांच्याकडून दुसरी मोठी कळ हालवून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. वेगनियंत्रकावरील लहान कळ पुष्कळदां रिसीव्हरचाच प्रवाह तोडते. बॅटरी मात्र जोडलेलीच राहते व हळूहळू रिती होते. लिथियम बॅटरीचा एकेक घट ३ व्होल्टच्या खालीं गेला कीं तो बिघडतो, आणि बिघडलेली बॅटरी पुन्हां भरतांना पेट घेण्याची भीति असते. म्हणून खेळ संपतांच बॅटरीची जोडणीच सोडवून ठेवावी. खरी बंद झालेली कळ तीच.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एवढेंच सांगणें कीं, धरणावर वा खंदकापाशीं वडील माणसांवांचून जाऊं नये. नाव मध्येंच बंद पडली तर तिच्यामागें पाण्यांत उतरूं नये. वाऱ्यानें ती कांठास लागेल, न लागल्यास गेली असें समजावें. नाव पुन्हां करतां येते.