सांध्यातली दुहेरी रेघ

१९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातल्या पाण्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक दाखवले. तेव्हापासून गाउटच्या निदानात अखेरचा शब्द त्या पाण्याचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाचा. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगरी तालुक्यांत मात्र पायाचा अंगठा सुजला की ‘वात’ म्हणायचे, गोळी घ्यायची, फार तर रक्तातले युरिक ॲसिड पाहायचे. पण ऐन झटक्यात ते कित्येकदा प्रमाणात निघते. याच पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून ‘कॉपकॉर्ड’ ही सांधेविकारांची पाहणी केली. तिथे सांधे-स्नायू दुखणारे प्रौढ सुमारे १८ टक्के, तर गाउटचे ०.१२ टक्के आढळले. ही पाहणी मोलाचीच. पण सपाटीवरच्या एका गावाचा आकडा भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्याला तसाच लावता येत नाही.

वाट बदलली ती सोनोग्राफीने. कूर्चा पडद्यावर काळी दिसते, तिच्याखालचे हाड पांढरी रेघ. युरेट कूर्चेच्या पृष्ठभागावर साचते, म्हणून वर दुसरी रेघ उमटते. गाउटसारखाच सांधा सुजवणारे कॅल्शियम पायरोफॉस्फेट मात्र कूर्चेच्या आत साचते. थील आणि श्लेसिंजर यांनी २००७ मध्ये या दुहेरी रेघेकडे लक्ष वेधले, आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तिला स्थान मिळाले. हा भेद उपचाराच्या मुळाशी आहे: युरेट ॲलोप्युरिनॉलने हळूहळू विरघळवता येते, पायरोफॉस्फेट विरघळवणारे औषध अजून नाही.

या तपासणीवरचे आक्षेप खरे आहेत. २०१७ च्या बहुकेंद्री अभ्यासात सोनोग्राफीने सुमारे ७७ टक्के गाउट ओळखला. पण आजार दोन वर्षांच्या आतला आणि युरेटच्या गाठी न दिसणारा असेल, तर जेमतेम निम्मा. शिवाय त्रास नसलेल्यांतही स्फटिक सापडतात. म्हणजे रेघ दिसली तर लक्षणांशी पडताळावी आणि दिसली नाही तर आजार नाही असे समजू नये. शंका उरली तर सुईने सांध्यातले पाणी काढून तपासण्यासाठी रुग्णाला पुण्याला पाठवावे. एवढी चाळणी तालुक्यातच झाली तरी बऱ्याच जणांची पुण्याची खेप वाचेल.

मोठा अडसर सोनोग्राफी यंत्रांवरच्या कायद्याचा वाटतो. गर्भलिंग चाचणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, केंद्राने १९९४ मध्ये. २०१२ पासून हलवता येणाऱ्या यंत्रांवरही कडक बंधने आली. मुलींच्या जिवासाठी ती हवीतच, गुडघ्यांच्या नावाखाली सैल होता कामा नयेत. सांधे तपासण्यासाठी यंत्र वाडीवस्तीवर नेण्याची गरजही नाही. नोंदणीकृत यंत्राला उथळ भाग टिपणारा लिनियर प्रोब जोडावा आणि सोनोग्राफीची परवानगी असलेल्या डॉक्टरांना सांधे वाचायला शिकवावे. भातलावणी उरकली की दुखरे गुडघे घेऊन माणसे दवाखान्यात येतात. सुरुवात तेव्हा करता येईल.