वाटेवरचा शेजारी

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते. आणि जी गोष्ट तोंडपाठ झाली तिचा विचार करणे आपण बहुधा सोडून देतो. यरुशलेमाहून यरीहोस जाणारी ती वाट सुमारे २५ किलोमीटरांत सुमारे १,००० मीटर खाली उतरते. ओसाड, खडकाळ मुलूख. चोरांस दबा धरावयास जागा पुष्कळ. याजक व लेवी थांबले नाहीत ते केवळ निष्ठुर होते म्हणून, असे मला वाटत नाही. ते भ्याले असावेत. चोर अद्यापि जवळच असतील, किंवा पडलेला मनुष्य मेलेला असल्यास त्याच्या स्पर्शाने विटाळ होईल, अशी शंका त्यांस आली असेल.

आपल्या काळची भीती निराळी आहे. मोटारसायकल उलटून कोणी रक्तबंबाळ पडला असता भोवती घोळका जमतो, परंतु हात कोणी लावीत नाही. पोलीस आपणांसच धरतील, इस्पितळात पैसे भरावे लागतील, पुढे कोर्टात खेटे घालावे लागतील, हेच प्रत्येकाच्या मनात. मी हे ऐकीव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी नगर-मनमाड रस्त्याने एका लग्नास सहकुटुंब जात असता असाच एक तरुण पडलेला मी पाहिला, आणि ‘इतके लोक आहेत, कोणीतरी नेईलच’ असे मनाशी म्हणून पुढे गेलो. लग्नात मी जेवलोही. त्या तरुणाचे काय झाले हे मला आजवर कळलेले नाही.

ही भीती घालविण्यासाठी काय झाले आहे, हे घरोघरी माहीत असावयास पाहिजे. केंद्र सरकारने २०१५ साली मदत करणारांच्या रक्षणार्थ नियम प्रसिद्ध केले, ता. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस कायद्याचे बळ दिले. आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम घालण्यात आले. सद्भावनेने तातडीची मदत करिताना हयगय होऊन जखमी दगावला, तरी मदत करणारा दिवाणी वा फौजदारी कारवाईस पात्र होत नाही. नावपत्ता सांगण्याची सक्ती त्याजवर नाही. इस्पितळाने त्यास अडवून ठेवू नये, व जखमी त्याचा नातलग नसेल तर पैसेही मागू नयेत. कायद्याने अशा मनुष्यास ‘गुड समॅरिटन’ हेच नाव दिले आहे. यहूदी लोक ज्यास जवळ करीत नसत तो शोमरोनी भारताच्या कायद्यात येऊन बसला!

इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर २०१४ पासून रुग्णवाहिका मिळते. ती येईतो वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. मान व पाठ यांस मार असण्याचा संभव असल्याने जखमीस निष्कारण हलवू नये. बेशुद्धास पाणी तर मुळीच पाजू नये. आपल्याकडे मायेने प्रथम हेच करितात, आणि ते श्वासनलिकेत जाते.

‘आम्हांस वेळ कोठे आहे?’ असे पालक म्हणतात. शोमरोनी मनुष्यही प्रवासातच होता. त्याने जखमा बांधिल्या, जखमीस आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, एक रात्र शुश्रूषा केली आणि सकाळी दोन दिनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती देऊन तो आपल्या कामास गेला. अधिक खर्च लागल्यास परत येताना देईन, एवढे मात्र सांगून गेला.