अठरा मिलिमीटरचा चर

मे महिना, रात्रीचे साडेदहा. इंदापूरकडच्या एका दूध डेअरीत पाश्चरायझर विभाग रिकामा केला आहे. उन्हाळ्यात दूध आटतं, टँकर कमी येतात, म्हणून शटडाऊन मेमध्येच मिळतो. यंत्रं बंद असूनही शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कारण दोन पोरं जमिनीवर हिऱ्याच्या चकतीचा ग्राइंडर फिरवतायत. मागे जाडजूड व्हॅक्यूमचा पाईप आहे, तरी ट्यूबलाइटभोवती धुळीचं कडं तरंगतंय.

मुकादम उकिडवा बसून जुन्या एपॉक्सीच्या कडेत पटाशी घालतो आणि वर उचलतो. हिरवा चकचकीत थर पापडासारखा कडकडीत सुटून येतो. खाली ओल आहे, आणि आंबलेल्या ताकाचा वास नाकात जातो. तो तुकडा उलटा करून मला दाखवतो. पाठीवर राखाडी पूड घट्ट चिकटलेली आहे.

"एपॉक्सी नाही सुटलं. काँक्रीटची साय सुटली."

काँक्रीट घोटताना पाण्याबरोबर सिमेंटचा बारीक गाळ वर येतो आणि पृष्ठभागावर सुकतो. दिसायला गुळगुळीत, पण त्यात जीव नसतो. आधीच्या ठेकेदाराने तो घासून न काढता त्यावरच प्रायमर मारला. एपॉक्सीने आपलं काम चोख केलं, हाती आलं ते धरून ठेवलं. फक्त हाती आलेलंच भुसभुशीत होतं.

चार पावलांवर, पाश्चरायझरच्या पायाशी गोष्ट वेगळी आहे. इथल्या तुकड्याला पूड नाही, खडीसकट काँक्रीटचा टवका चिकटून आलाय. म्हणजे पकड पक्की होती. इथे सीआयपी चालतं: यंत्र न उघडता आतल्या आत धुणं. सत्तर-ऐंशी अंशांचं कॉस्टिक, मग पाणी, मग सौम्य नायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. त्यातलं काही रोज याच जागी जमिनीवर सांडतं, आणि लगेच मागून थंड पाण्याचा पाईप फिरतो. नेहमीचं फरशीचं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. तापलं की ते काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त फुगतं, गार झालं की तितकंच आखडतं. रोजच्या या ओढाताणीत शेवटी काँक्रीटच फाटलं.

एपॉक्सीच्या आधी इथे कोटा होता. टाकीच्या पायाखाली त्याचे दोन तुकडे अजून आहेत, अगदी नवे असल्यासारखे. बाहेर उघड्यावरच्या कोट्याला मात्र बोट घातलं तर वाटीएवढे खळगे लागतात. कोटा म्हणजे चुनखडक, आणि सांडलेल्या दुधाचं काही तासांत लॅक्टिक ॲसिड व्हायला लागतं. लिंबू पिळावं तशी फरशी विरघळत जाते, फक्त सावकाश.

कोपऱ्यात दीड फूट बाय दीड फुटाचा प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप मारून चिकटवलाय, कालपासून. मुकादम टेप सोलतो. कागदाच्या आतल्या अंगाला दव धरलंय आणि खालचं काँक्रीट काळपट पडलंय. जमिनीतून वाफ वर येतेय. साध्या एपॉक्सीला इथे फोड आले असते. म्हणूनच या खोलीसाठी पीयू काँक्रीट ठरलंय: पॉलियुरेथेन, सिमेंट आणि वाळू-खडीची पूड एकत्र. त्याला थोडी ओल चालते आणि तापल्यावर ते साधारण काँक्रीटइतकंच फुगतं. एपॉक्सीपेक्षा ते बरंच महाग आहे, आणि चकाकत नाही. आपल्याकडे हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा जड जातो. "ऑडिटर आला की त्याला जमिनीत तोंड दिसलं पाहिजे," असं प्लांट मॅनेजरसाहेब संध्याकाळपासून दोनदा बोललेत.

तरी निवड त्यांनी शहाण्यासारखी केलीय. सगळीकडे एकच माल घातलेला नाही. जिथे उकळतं पडतं तिथे नऊ मिलिमीटर, पाऊच पॅकिंगमध्ये सहा. सुक्या मालाच्या गोदामात ना गरम पाणी ना दूध, तिथे तीन मिलिमीटर एपॉक्सी पुरे. अख्ख्या इमारतीला एकच फरशी विकायला आलेल्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवलं, असं ते सांगतात. मला ते आवडतं.

नाहीतर फरशी पसंत होते ती रंगाच्या पत्रिकेवरून. इथे मात्र पॅकिंगच्या दाराशी तीन नमुने मांडलेत, फूटभर लांबरुंद, एकापेक्षा एक खरखरीत. सफाईच्या मावशी गमबूट घालून पुढे येतात. कुणीतरी दूध आणि साबणाचं पाणी ओततं. साहेबांचं बोट पहिल्या, गुळगुळीत नमुन्यावर.

मावशी रिकामा क्रेट कमरेवर घेतात, त्या नमुन्यावर उभ्या राहून गर्रकन वळतात. टाच सरकते. "ह्यो आरसा नगं. भरल्या क्रेटसंगं मी पडंन." मग तिसऱ्यावर जातात, पाय गच्च रुततो. खूश होतील असं वाटतं, पण त्या वाकून फडकं फिरवतात. फडक्याचे दोरे अडकतात, आणि खरखरीच्या मधे पांढरं साय-पाणी तसंच राहतं. "हे कोण घासायचं? तुमी?"

साहेब हसतात. मधला ठरतो. क्रेट धुण्याच्या यंत्रापुढे तेवढा तिसरा, कारण तिथे कायम पाणी असतं. आणि तिथल्यासाठी कडक ब्रश घ्यायचा, हेही मावशीच वदवून घेतात. पाय न घसरणं आणि जमीन स्वच्छ निघणं यांचं कुठेच पूर्ण जमत नाही. कुठे कुणाचं किती ऐकायचं, एवढंच ठरवता येतं.

इकडे मुकादम बादलीभर पाणी ओततो. पाणी ओहोळाने मोरीकडे जातं, पण वाटेत खांबाशी थबकतं आणि तळं करतं. तो खडूने गोल काढतो. मग दुसरी बादली, दुसरा गोल. ढाळ शंभराला एक हवा, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर. अन्नसुरक्षेचे 2011 चे नियम तर सांगतात की सांडपाणी मालाच्या वाटेच्या उलट दिशेने वाहिलं पाहिजे, तयार मालाकडून कच्च्याकडे. खडूच्या गोलांमध्ये आधी भर पडेल, मग वरचा थर. साचलेलं पाणी थंड असलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू चार अंशांनाही वाढतो, आणि मोरीची कड, फरशीची भेग ही त्याची आवडती घरं.

म्हणून कडा. मुकादमाची निम्मी रात्र कडांमध्येच जाते. मोरीच्या स्टीलच्या चौकटीभोवती, भिंतीलगत, दारात एक पोरगा कटरने चर पाडतोय. अठरा मिलिमीटर रुंद, अठरा खोल. थराच्या जाडीच्या दुप्पट. माल सुकताना आखडतो आणि कडेने उचलला जाऊ पाहतो. चरात उतरलेला भाग त्याला खाली धरून ठेवतो. पोरगा एके ठिकाणी बारावरच थांबलाय. मुकादम खिशातून काडी काढतो, खुणेची रेघ दाखवतो, काही बोलत नाही. कटर पुन्हा सुरू.

जुन्या काँक्रीटमधले सांधेही त्याने सुतळी धरून भिंतीवर खुणांनी नोंदवलेत. उद्या ते वरच्या थरातही कापून लवचिक सीलंटने भरायचे. झाकून टाकले तर खालचा सांधा वर भेग होऊन येतोच.

साडेबाराला माल घालायला सुरुवात होते. दुपारी पत्र्याखाली एवढं तापतं की कालवलेला माल बादलीतच धरतो, म्हणून रात्र. ड्रममध्ये दुधाळ द्रव, त्यावर दुसऱ्या डब्यातला काळसर तपकिरी, मग पोत्यातली पूड. मिक्सर घरघरतो. एकाने मोबाइलवर वेळ लावलाय. हाताशी पंधरा-वीस मिनिटं. तपकिरी डब्यातलं रसायन छातीला चांगलं नाही, तरी दोघांनी मास्क गळ्यात उतरवलेत. मुकादम ओरडतो, मास्क वर जातात, पाच मिनिटांनी पुन्हा खाली.

आपोआप पसरणारा माल इथे चालत नाही, ढाळावरून तो मोरीत जाऊन बसेल. त्यामुळे हा थापीचा, घट्ट. फावड्याने ढीग, मापाच्या पट्टीने जाडी, मग तिघं ओळीने गुडघ्यावर, लांब पोलादी थापी अर्धवर्तुळात फिरवत मागे मागे सरकत. ड्रम रिकामा होण्याआधी दुसरा कालवून तयार, नाहीतर जोड दिसतो. मागून एक जण हलकेच रोलर फिरवतो. भिंतीशी गोलाई उद्या, चार इंच उंच. काटकोनात मावशींचा ब्रश पोचत नाही.

पहाटे साडेचारला साहेब पुन्हा येतात, दारातूनच बघतात. नजरेसमोर राखाडी-तांबूस, मंद पोताची जमीन. चकाकीचा विषय निघत नाही. त्यांना वेळापत्रक हवंय.

"बारा तासांनी चाला. उद्या रात्री ट्रॉली. गार पाण्याने धुवा."

"आणि सीआयपी?"

"आत चालू द्या. जमिनीवर गरम कॉस्टिक आठवडाभर नको."

साहेबांचा चेहरा उतरतो. दह्याची बॅच परवा लागणार, धुतल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, आणि धुतलं की पाणी इथेच सांडतं. मेंटेनन्सचा फिटर मागे उभा आहे. तो रिटर्न लाइनच्या उघड्या तोंडाकडे बघतो, मग भिंतीपलीकडच्या चेंबरकडे.

"साहेब, हे तोंड सरळ चेंबरात नेलं तर? जमिनीवर पडायचंच नाही."

"किती पाईप?"

तो टेप काढून भिंतीच्या कडेने, ओल्या मालाला पाय न लावता, माप घेतो. "चार मीटर. दीड इंची स्टील, दोन बेंड."

"मग हे आधी का नव्हतं?"

फिटर खांदे उडवतो. साहेब स्टोअरला फोन लावतात. एवढ्या पहाटे कुणी उचलत नाही. ते पुन्हा लावतात.