परदेशच्या बंदरावरील परीक्षा शेतातच

ताजा भाजीपाला परदेशी पाठवावयाचा म्हटला, म्हणजे बंदर, जकात आणि कागदपत्रे हीच डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः माल स्वीकारला जाणार की नाकारला जाणार, हे पुष्कळसे शेतातच ठरलेले असते. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या जोडीला भेंडी, वांगी, कारली घेणाऱ्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बाहेरची भाजी आत घेताना कोणताही देश मुख्यतः दोन प्रश्न विचारतो. मालाबरोबर एखादी कीड अथवा रोग येत नाही ना? आणि तो खाणाऱ्यास अपायकारक नाही ना? पहिल्याचे उत्तर म्हणजे माल पाठविणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने तपासणीअंती दिलेला वनस्पती-आरोग्य दाखला. दुसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळते. या अटी पुऱ्या झाल्याखेरीज सीमाशुल्क अधिकारी माल सोडीत नाहीत. आपला देशही परदेशी मालास २००३ चा वनस्पती संगरोध आदेश व २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लावतो.

किडीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, ते २०१४ साली दिसून आले. आदल्या वर्षी भारतीय मालाच्या २०७ खेपांत कीड आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी, तर भाज्यांवरील बंदी २०१७ च्या आरंभी उठली. यातील मोठा शत्रू फळमाशी होय. ती सालीखाली अंडी घालते. त्यामुळे वरून निकोप दिसणाऱ्या कारल्यातही अळी निघते. म्हणून डंख झालेली फळे बांधावर न टाकता वेचून खोल पुरावीत आणि वेलांत फळमाशीचे सापळे लावावेत.

औषधाचा अंश हा दुसरा धोका. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश युरोपीय संघात किलोस ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० किलो भाजीत अवघा १ मिलिग्रॅम, इतकाच चालतो. येथे कपाशीच्या मुलखात विशेष सावधगिरी हवी. भेंडी व कपाशी एकाच कुळातील. तुडतुडे आणि ठिपक्यांची बोंडअळी दोन्हींवर येतात, आणि कपाशीसाठी भरलेला पंप सहज भेंडीच्या ओळीवरूनही फिरतो. परंतु कपाशीस चालणारे प्रत्येक औषध भाजीस चालते असे नाही. एकेकाळी कपाशीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास सरकारने २००५ सालीच मनाई केली होती.

औषधाचा निष्काळजी वापर खाणाऱ्याच्या आधी फवारणाऱ्यास ग्रासतो. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तो अनुभव कोणीही विसरू नये.

याकरिता काही नियम कसोशीने पाळावेत. डब्यावरील चिठ्ठीत ज्या पिकाचे नाव नाही, त्या पिकावर ते औषध मारू नये. अनेक औषधे मनाने एकत्र मिसळू नयेत. फवारणी व तोडणी यांमध्ये सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत. भेंडी एक-दोन दिवसांआड तोडावी लागते. म्हणून लांब मुदतीचे औषध तोडणी चालू असताना वापरूच नये. लाल त्रिकोणाचे औषध सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळ्याचे, हे मजुरांनाही समजावून सांगावे. हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक भाजी उत्पादकास एक वही ठेवावयास लावावी. औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीची व तोडणीची तारीख एवढे तीत लिहिले तरी पुरे. परदेशी माल नेणारा व्यापारी प्रथम हीच नोंद मागतो. माल यवतमाळच्याच बाजारात विकावयाचा असला, तरी ही वही ठेवावी. कारण तीच भाजी आपल्या मुलाबाळांच्या ताटातही येते.