‘चालायला कधी लागला?’

मूल चालायला कधी लागलं, असं विचारलं की बहुतेक पालक सांगतात, ‘वेळेवर.’ बालविकासतज्ज्ञाला या उत्तराचा फारसा उपयोग नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं ८.२ ते १७.६ महिन्यांदरम्यान केव्हाही आधाराशिवाय चालू लागल्याचं आढळलं. मग ‘वेळेवर’ म्हणजे नेमकं केव्हा?

म्हणून अनुभवी तज्ज्ञ थेट महिना विचारत नाहीत. ‘पहिल्या वाढदिवसाला चालत होता की कडेवर होता?’, ‘गणपतीत गावी गेलात तेव्हा काय काय बोलायचा?’ असं विचारतात. तारीख विसरली तरी सण, बारसं, घरातलं लग्न आठवतं. मोबाइलमधले जुने व्हिडिओ तर त्याहून भरवशाचे. त्यांवर तारीखही असते.

दुसरी अडचण ‘येतं का?’ या प्रश्नात आहे. हाताने जेवता येतं का? ‘हो, येतं की!’ प्रत्यक्षात रोज आजी भरवते. अमेरिकेतील व्हाइनलँड इथले मानसशास्त्रज्ञ एडगर डॉल यांनी १९३५मध्ये सामाजिक परिपक्वता मोजण्याची श्रेणी तयार केली. मुलाला ओळखणाऱ्या व्यक्तीची मुलाखत घेऊन ती भरतात आणि तिचा भर मूल एरवी काय करतं यावर असतो. तिचं भारतीय रूप ए. जे. मॅलिन यांनी केलं, तेही नागपुरात. त्यात जन्मापासून १५ वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी आहेत. बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीत ही श्रेणी आजही वापरली जाते. चारचौघांत कमीपणा नको म्हणून पालकांनी मुलाची बाजू सावरून घेतली, तर गुण वाढतात आणि मुलाला लागणारी मदत कागदावर कमी दिसते.

तिसरं उत्तर सर्वांत घातक: ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले.’ हे खरंही असेल, पण ऐकू न येणारं मूलही उशिरा बोलतं आणि त्याची श्रवणतपासणी तेवढी राहून जाते. बरेचदा हे वाक्य घरातली वडीलधारी माणसं म्हणतात आणि दिवसभर बाळाजवळ असणारी आई गप्प बसते. अशा वेळी तिच्याशी थोडा वेळ स्वतंत्र बोललेलं बरं.

स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना २० प्रश्नांची ‘एम-चॅट’ प्रश्नावली दिली जाते. तिच्या सुधारित आवृत्तीत, शंका आली तर पुन्हा बोलून उदाहरणं विचारतात. हवी ती वस्तू मूल बोटाने दाखवतं का? ‘दाखवतो’ एवढ्यावर थांबायचं नाही. शेवटचं कधी, काय दाखवलं आणि दाखवताना त्याने तुमच्याकडे पाहिलं का, हेही विचारायचं.